पळसापुढची रेघ

तो कागद हरवला नव्हता. मी जाळला होता. सकाळी, अंघोळीच्या बंबात, चार घड्या घालून. आई चुलीपाशी होती. तिनं विचारलं, "काय जाळून राहिला गा? कागदाचा वास येते." मी म्हणालो, "काही नाही, रद्दी होय." त्याच पाण्यानं अंघोळ केली आणि कॉलेजात जाऊन सांगितलं की कागद सापडत नाही. त्यानंतर आणखी दोन वाक्यं बोललो. त्यांतलं एक खोटं होतं आणि दुसरं त्याहून खोटं. ती पुढं येतील.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई गेली, तिला नाही. बायकोला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. कमी बोलणारा माणूस अशी माझी ख्याती आहे. लोकांना तो स्वभाव वाटतो. अर्धा असेल, उरलेला अर्धा म्हणजे तो कागद.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं नागपुरात एकाच सरांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होतो. मी शेतकऱ्याच्या घरातला. तो विणकराच्या. त्याच्या घरी दोन माग होते आणि पहाटेपासून खटखट चालू असे, त्यामुळे त्याला मोठ्यानं बोलायची सवय होती. प्रयोगशाळेत सर दचकायचे. पण अक्षर असं, की रजिस्टरमधले रकाने मागावरच्या ताण्याच्या दोऱ्यांसारखे सरळ उतरायचे. म्हणून सगळ्यांच्या नोंदी पक्क्या रजिस्टरात उतरवायचं काम आपोआप त्याच्याकडे गेलं.

विषय त्याचा होता. शेत वाहणं सोडलं की तिथं जंगल कसं परत येतं, हा. कळमेश्वरच्या पलीकडे, बसमधून उतरून तासभर चालल्यावर, उताराची दगडगोट्यांची जमीन होती. तिकडे तिला बरड म्हणतात. कुणी तीन वर्षांपूर्वी वाहणं सोडलेलं, कुणी बारा, कुणी पंचवीस. आणि टेकडीवर जुनं जंगल, ज्याला कधी नांगर लागलाच नव्हता. असे चार तुकडे त्यानं निवडले. चार तुकडे शेजारी शेजारी उभे म्हणजे एकाच माणसाचे चार वयांतले फोटो, असं तो म्हणायचा.

तीन वर्षांच्या पडितात तरोटा, कुसळी, रानतुळस. बारा वर्षांच्या तुकड्यात बोरी, पळस, खैर, आणि त्यांच्या सावलीला कोवळा धावडा, तेंदू, लेंडिया. पंचविसाव्या वर्षी धावडा वर आलेला आणि बोरी वाळायला लागलेल्या. टेकडीवर साग, साजा, मोह, चारोळी.

कुठं किती जाती आहेत हे मोजणं सोपं. सर म्हणायचे, ते पोस्टमनसुद्धा मोजेल. आम्हाला मोजायचं होतं ते वेगळं. किती तऱ्हांनी ही झाडं जगतात? दहा जातींचं गवत असेल आणि दहाही एकाच तऱ्हेनं, घाईघाईनं, पातळ पानं काढून, पाऊस संपता संपता बी टाकून मरत असतील, तर तऱ्हा एकच झाली. उलट पाचच झाडं असतील, पण एक पान धरून ठेवणारं, एक टाकून देणारं, एक खोल मुळाचं, एक वाऱ्यावर बी सोडणारं, एक पाखरांच्या पोटातून बी पाठवणारं, तर त्या जागेत पाच तऱ्हा झाल्या. मित्राचं म्हणणं होतं की सगळ्यात जास्त तऱ्हा मधल्या तुकड्यात, बारा वर्षांच्या पडितात सापडतील. कारण तिथं पहिले गेलेले नाहीत आणि मागचे येऊन पोचलेत. त्याचा सगळा प्रबंध या एका म्हणण्यावर उभा होता.

पान मोजायची आमची रीत अशी. पान तोडायचं, चौकटीच्या कागदावर ठेवायचं, पेन्सिलीनं कडेकडेनं फिरवायचं आणि आतले चौकोन मोजायचे. मग पान भट्टीत वाळवून तराजूत टाकायचं. जागा किती आणि वजन किती. जागा मोठी, वजन कमी, म्हणजे पान घाईत केलेलं. जागा लहान, वजन जास्त, म्हणजे टिकायला केलेलं. वर्षातून तीनदा हे करायचं: पावसाळ्यात, आश्विनात आणि फाल्गुनात. फाल्गुनातली फेरी महत्त्वाची, कारण पान कोण टाकतं आणि कोण ठेवतं ते तेव्हाच कळतं. ज्या झाडाला पान नाही त्याच्या नावापुढं आडवी रेघ मारायची. सर बजावायचे, "रेघ म्हणजे रिकामी जागा नव्हे. ते मोजमाप आहे."

मधल्या तुकड्याच्या कडेला एका बाईची झोपडी होती. तो तुकडा तिच्या सासऱ्यानं वाहणं सोडलेला. ती पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावून कळमेश्वरच्या बाजाराला न्यायची. मित्र तिला माय म्हणायचा. आम्ही जमिनीवर पालथे पडून पानांभोवती पेन्सिली फिरवत असलो की ती पत्रावळ टाचता टाचता हसायची.

"हे पोट्टे पाहा वं, पानाचं भूत काढून राहिले कागदावर."

"माय, तुझंबी काढू का?" मित्र विचारायचा.

"माझं काय काढतं गा, हाडं मोजाले कागद कमी पडन काय तुले?"

आमच्यासाठी ती भाकर आणि झुणका राखून ठेवायची. आम्ही कधी येणार हे तिला आधी कळवायची सोय नव्हती, पण ऋतू पाहून ती ओळखायची.

त्या वर्षी फाल्गुनात मित्राच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लग्नसराईची लुगडी मागावर होती, म्हणून तोच मागावर बसला. मला म्हणाला, "मधल्या तुकड्याची फेरी तू करून टाक गा माझ्याऐवजी. बाकीचे तीन मी आधीच करून आलो." आम्ही एकमेकांची अशी कामं करतच असू. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सरांनी जीप द्यायचं कबूल केलं. सकाळी सातला लकडगंजात उभं राहा, तिथून उचलतो, असं सांगितलं.

मी सातला उभा होतो. आरागिरण्यांच्या दाराशी, सागाच्या ओंडक्यांना टेकून, बाजूला चौकटीच्या कागदांची वळकटी आणि पानं दाबायची फळकुटं. आठ वाजले. नऊ वाजले. समोर एक बाई टोपल्यात पळसाची फुलं घेऊन बसली होती, शिमग्याच्या रंगासाठी. तिनं दोनदा विचारलं, "घेता का भाऊ?" साडेअकराला मी तिथून निघालो. मागाहून कळलं, सर पाहुण्यांना घेऊन तलाव दाखवायला गेले होते. जीप त्यांच्याकडे होती. माझी आठवण राहिली नव्हती.

बस होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. दुपारच्या बसनं गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत निम्मी फेरी झाली असती आणि दुसऱ्या दिवशी उरलेली. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. आपल्याला फसवलं. शब्द दिला आणि रस्त्यावर उभं केलं. मी का जाऊ? हे मी इतकं घोळवलं की त्याची चव लागली. खरं सांगायचं तर पुढची कित्येक वर्षं मी तीच चव घेत राहिलो. जेव्हा जेव्हा तो कागद आठवे तेव्हा मी लकडगंजातली ती सकाळ पुढं करायचो. मी फसवला गेलेला माणूस. फसवल्या गेलेल्या माणसाचा हिशेब कोण मागतो?

चार दिवस गेले, शिमगा झाला, सुकलेल्या पानांची वजनं द्यायची वेळ आली. मी खोलीत बसून आश्विनातला कागद पुढं घेतला आणि फाल्गुनाचा तयार केला. प्रत्येक आकडा थोडा थोडा कमी केला, पान सुकत आलं असेल म्हणून. धावडा, तेंदू, लेंडिया यांच्यापुढं रेघा मारल्या. त्यांची पानं गळतात एवढं मला झोपेतही माहीत होतं. पळस त्या कागदावर लॅटिन नावानं होता, यादीत खालून दुसरा. मी त्याच्यापुढं आकडा घातला.

शेतकऱ्याचा मुलगा मी. फाल्गुनात पळसाला पान नसतं, नुसती फुलं असतात, हे मला कुणी शिकवलेलंसुद्धा नाही, ते अंगातच असतं. चार दिवसांपूर्वी ती फुलं टोपलीभर माझ्यासमोर होती. पण खोलीत, टेबलावर, त्या लॅटिन नावात मला पळस दिसला नाही. झाडापाशी गेलो असतो तर चूक शक्यच नव्हती. न जाणाऱ्यालाच ती होते.

मित्रानं तो कागद रजिस्टरात उतरवला आणि खाली सही केली. उतरवणाऱ्यानं सही करायची अशी आमच्याकडे रीत होती. कच्चा कागद माझा मला परत दिला. मधल्या तुकड्यात उन्हाळ्यातही पान धरणाऱ्या तऱ्हा जास्त निघाल्या, त्याचं म्हणणं खरं ठरलं. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या बसल्या त्यानं मला ओरडून सांगितलं, "मधलाच भारी निघाला बे! मी म्हणतच होतो!" त्याच्या वडिलांच्या डोळ्यावर पट्टी होती. ते म्हणाले, "काय निघालं?" तो म्हणाला, "बाबा, पडितातली जागा." ते म्हणाले, "असं का," आणि खूश झाले.

दोन वर्षांनी प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, जंगलातून हिंडलेले. ते रजिस्टर चाळत होते. मी मागं कपाटाशी उभा होतो. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं.

"फाल्गुनात पळसाचं पान मोजलंत?"

खोलीत दोघं-तिघं हसले.

"कुठल्या पळसाचं हो? मलाही दाखवा."

मित्रानं पानावर नजर टाकली. मग परीक्षकांनी आश्विनाचं पान काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि पेन्सिलीनं ओळी जोडत गेले. सगळे आकडे एकाच मापानं कमी झालेले. झाडं असं कधी करत नाहीत. हसू थांबलं.

"कच्चा कागद आहे?" सरांनी विचारलं.

"आहे," मित्र म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही आरोप नव्हता. घरच्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

मी म्हणालो, "घरी आहे. उद्या आणतो."

त्या कागदावर माझं अक्षर होतं. आश्विनाचे आकडे पुसट पेन्सिलीनं कडेला मांडून, त्यांतून वजा करून, शाईनं पक्के केलेले. तो पुढं आला असता तर मित्र सुटला असता. उतरवणारा उतरवतो, एवढंच सिद्ध झालं असतं. फार तर त्याला ती फेरी परत करायला लावली असती. माझं मात्र तिथंच संपलं असतं.

सकाळी बंब पेटवला.

सरांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, "तो म्हणतो सही माझी, जबाबदारी माझी. तुमचं नाव घेत नाही. कागद?"

"सापडत नाही."

"त्या फेरीला तुम्ही गेला होतात ना? बसनं?" आणि मी तोंड उघडायच्या आधीच खिडकीकडे वळून म्हणाले, "गेलाच असाल." जीप कुठं होती हे त्यांना आठवलं असावं. ते नीट विचारणार नाहीत हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मोजलं कुणी?"

मी म्हणालो, "पानं मी आणून दिली. मोजली त्यानं."

हीच ती दोन वाक्यं. सरांनी लिहून घेतली.

प्रबंध परत गेला. शिष्यवृत्ती थांबली. बनवलेले आकडे देणारा, असा शिक्का त्याच्यावर बसला आणि त्याच्याबरोबर त्याचं म्हणणंही खोटं ठरलं. मधल्या तुकड्याबद्दल पुढं कुणी बोललंच नाही. तो वर्षभर मागावर बसला. मग कळमेश्वरला एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागला. मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. दरवर्षी फळ्यावर चार चौकोन काढतो, तीन वर्षं, बारा, पंचवीस, जुनं जंगल, आणि दुसऱ्या चौकोनाशी आलो की खडू बदलायचं निमित्त करतो.

तो मात्र दर दसऱ्याला येत राहिला. आधी भाड्याच्या खोलीत, मग नंदनवन वस्तीतल्या या घरी. आपट्याचं सोनं हातावर ठेवायचा, गळाभेट घ्यायचा. बायकोला म्हणायचा, "वहिनी, याले बोलतं करा नं कधी. भिंतीशी गोष्टी केल्यावानी वाटते." चहा घ्यायचा. सरांबद्दल एकदा म्हणाला, "त्याईनं जीप नाही पाठवली, थेच खरं कारण होय." मला बरं वाटलं. मी मान हलवली. प्रत्येक दसऱ्याला मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि तो चपला घालायला लागला की सुटल्यासारखं वाटायचं.

मागच्या वर्षी, पावसाळा सरता सरता, तो अवेळीच आला. "चाल," म्हणाला, "आपला तुकडा पाहून येऊ. म्हातारी अजून हाय म्हणते."

गेलो. बारा वर्षांचा तुकडा आता तिशीला आला होता. बोरी जवळजवळ सगळ्या वाळलेल्या, नुसत्या काट्यांचे सांगाडे. धावडा डोक्यावर. सावलीत चारोळीची रोपं, जी आम्हाला तेव्हा औषधालाही दिसली नव्हती. कुठल्याशा पाखरानं आणली असणार. पळस कडेला सरकलेले, उजेडाकडे वाकलेले. मित्र प्रत्येकाला हात लावून नाव घेत होता, लॅटिन नाव, एकही न चुकता. कारखान्यात इतकी वर्षं तो खिळे आणि ग्रीसचे डबे देत होता.

बाई फार थकली होती. दारात बसून तिनं आधी त्याला ओळखलं, मग मला निरखून पाहिलं.

"तू थोच ना गा? शिमग्याच्या फेरीले नाही आलता तो? भाकर राखली होती मी तुह्यावाली. दोन दिवस."

मी मित्राकडे पाहिलं. त्याचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. तो म्हणाला, "माय, पाणी दे वं जरा," आणि तिच्या पडवीतल्या पत्रावळी बाजूला करून बसला.

परत तासभर चालत आलो. कळमेश्वरच्या स्टँडजवळच त्याचं घर होतं, मला तिथून नागपूरची बस धरायची होती. स्टँडच्या बाकावर बसलो. शेवटी तोच बोलला, आणि त्या दिवशी मोठ्यानं नाही.

"परीक्षेच्या आठ दिवसानं मी इथं आलतो. वाटलं, एखांद्या पळसाले राहिलं असन पान त्या साली. मायले विचारलं. थे म्हणे, पानाचं काय विचारतं, त्या शिमग्याले तुमच्यातलं कोणी आलंच नाही."

मी हातातल्या रिकाम्या बाटलीचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"उतरोतानाच दिसलं होतं गा मले. पळसापुढं आकडा. मी थांबलो बी. मंग म्हटलं, तू पाहून आला, मी मागावर बसलो हाओ, मले काय मालूम. पळसापेक्षा तुह्यावर भरोसा ठेवला."

बस लागली. कंडक्टर ओरडत होता.

"दरसाल सोनं घेऊन काहून येऊन राहिलो, सांग बरं? मले आपट्याचे पानं वाटाची हौस होती काय? म्हटलं, यंदा सांगन. यंदा सांगन. पंधरा वर्सं. सर गेले तलावावर, त्याचं मले काही नाही. थे सर होते. तू काहून?"

बोलायला ती जागा होती, वेळ होती, आणि समोर तो होता. मी म्हणालो, "बस सुटते." खरंच हे म्हणालो. तो हसला, उठला, आणि माझ्या हातातली पाण्याची रिकामी बाटली घेऊन नळावर भरून आणून दिली. खिडकीतून.

त्या दसऱ्याला तो आला नाही. दारावर झेंडूचं तोरण होतं आणि बायको दोनदा म्हणाली, "भाऊजी कसे नाही आले?"

त्याला किती माहीत आहे हे मला माहीत नाही. मी गेलो नव्हतो हे त्याला माहीत आहे. कागद जाळला, हे नाही. सरांपुढं बोललेली दोन वाक्यं बहुधा नाहीत. नाहीतर तो इतकी वर्षं आला नसता. की आला असता? हे मी आता वर लिहून ठेवलंय आणि पहिली प्रत त्याच्या पत्त्यावर जाईल. दुसरी कॉलेजात. ते रजिस्टर अजून तिथल्या कपाटात आहे, मी पाहून आलो.

त्या पानावरच्या सहीवरचा डाग माझा आहे, हे माझ्या सहीनं लिहून द्यायचं देणं मी लागतो. पळसापुढचा आकडा खोडून तिथं रेघ मारायचंही. आणि येत्या फाल्गुनात, बसनं, एकट्यानं जाऊन ती फेरी करायचंही. बाईच्या भाकरीचं देणंही आहे. तो माफ करील किंवा करणार नाही. ते माझ्या देण्यात येत नाही.